लाकडाला लावायची औषधं: कुठलं घ्यावं, कुठलं दुकानातच राहू द्यावं

वाळवी, भुंगा आणि कुजवणारी बुरशी या तिघांसाठीही लाकूड म्हणजे अन्न. ते त्यांना खाता येऊ नये म्हणून आपण त्यात विष मुरवतो. डब्यावर हिरवं पान छापलेलं असो वा कवटी, आतलं औषध चालतं ते याच तत्त्वावर. म्हणून ‘पूर्ण बिनविषारी’ असं छापलेला डबा दिसला तर तो आधी बाजूला ठेवावा आणि घटकांची यादी वाचावी. यादीच नसेल तर तो घेऊ नये.

या परीक्षणात बाजारात मिळणाऱ्या, आणि जुन्या लाकडात अजूनही सापडणाऱ्या, औषधांचे प्रकार एकेक करून पाहिले आहेत. ‘किती वर्षं टिकतं’ हे विक्रेता सांगतोच. इथे कस लावला आहे तो दुसऱ्या गोष्टींचा: औषध लाकडात घट्ट बसतं का, पावसाने, हाताने, करवतीने किती सुटतं, आणि वीस-तीस वर्षांनी ते लाकूड मोडीत निघेल तेव्हा त्यातल्या विषाचं काय होतं. हा शेवटचा प्रश्न खरेदीच्या वेळी कुणी विचारत नाही आणि सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो.

सीसीए: काम चोख, पण घरात नको

क्रोमेटेड कॉपर आर्सेनेट, म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या भाषेतला सोमल. हे मिश्रण सोंती कामेशम या भारतीय संशोधकाने १९३३ मध्ये शोधलं आणि पुढची सत्तर वर्षं जगभरातले विजेचे खांब, कुंपणं, गच्च्या, बागेतले झोपाळे यावरच उभे राहिले. केवळ टिकाऊपणाचे गुण द्यायचे तर याला पैकीच्या पैकी. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक वाळवीला आणि तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीलाही मारतं, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवतं.

ही बांधणी झटपट होत नाही. टाकीत दाब देऊन द्रावण मुरवलं की त्यातलं क्रोमियम सहासंयुजी असतं, म्हणजे कर्करोगकारक आणि पाण्यात सहज विरघळणारं. लाकडातल्या साखरा आणि लिग्निन (तंतूंना जोडणारं लाकडातलंच द्रव्य) त्याचं हळूहळू त्रिसंयुजी क्रोमियम करतात आणि त्या क्रियेत सगळं जागच्या जागी घट्ट होतं. उबदार हवेत याला दोन-तीन आठवडे लागतात, थंडीत त्याहून बरेच जास्त, आणि वाफेने तापवलं तर काही तास पुरतात. कारखान्यातून ओलं, गडद हिरवं लाकूड दुसऱ्याच दिवशी बाहेर पडलं तर हात लावणाऱ्याच्या कातडीला आणि खालच्या मातीला काय मिळतं हे वेगळं सांगायला नको. जोखीम वाढते ती इथल्या घाईने.

पूर्ण बांधणी झालेल्या लाकडातूनही आर्सेनिक थोडं थोडं सुटत राहतं. ते पावसाबरोबर मातीत जातं आणि पृष्ठभागावर अशा रूपात येतं की हात फिरवला तर हाताला लागतं. मोठ्या माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. लहान मूल मात्र कठड्याला धरून चालतं आणि मग तोच हात तोंडात घालतं. अमेरिकेत उत्पादकांनी पर्यावरण संस्थेशी ठरवून ३१ डिसेंबर २००३ पासून घरगुती वापराच्या लाकडासाठी सीसीए थांबवलं ते मुख्यतः याच चिंतेमुळे. युरोपीय संघाने २००४ च्या मध्यापासून घरगुती वापर बंद केला. खांब, समुद्रातले खुंट, शेतीची मोठी बांधकामं अशा ठिकाणी काही देशांत ते अजून चालतं.

आकडा डोळ्यासमोर असू द्यावा. जमिनीत रोवायच्या लाकडात सीसीए साधारण ६.४ किलो प्रति घनमीटर असतं. नेहमीच्या ‘सी’ प्रकारात त्यातला ३४ टक्के भाग आर्सेनिकच्या ऑक्साइडचा. हिशेब केला तर शुद्ध आर्सेनिक घनमीटरला सुमारे १.४ किलो भरतं. १० सेंटिमीटर चौरस आणि २.४ मीटर लांब अशा एका साध्या खांबात ते ३४ ग्रॅमच्या आसपास जातं. प्रौढ माणसाला १०० ते ३०० मिलिग्रॅम घातक ठरू शकतं. हे सगळं लाकूड हातात धरल्याने बाहेर येत नाही, तंतूंना बांधलेलं असतं. पण बांधणारे तंतूच जाळले तर?

म्हणून सीसीएचं लाकूड जाळणं ही या विषयातली सगळ्यात वाईट चूक. घनमीटरभर लाकडाचं वजन ५०० किलो धरलं तर त्याची स्वतःची राख जेमतेम अडीच-तीन किलो होते. त्यात साडेसहा किलोच्या घरात धातूंची ऑक्साइडं मिसळतात. आर्सेनिकचा काही भाग धुरातून उडाला तरी उरलेल्या राखेत दहा टक्क्यांच्या आसपास आर्सेनिक राहू शकतं. म्हणजे चमचाभर राख पोटात जाणं जीवावर बेतू शकतं. वर ही राख चवीला खारट असते आणि गुरं खारट चाटायला जातात. कुंपणाचे जुने खांब जाळले त्या जागी गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. ही राख झाडांच्या आळ्यात तर मुळीच टाकू नये.

जुनं लाकूड ओळखायचं कसं? नव्यात हिरवट छटा असते, पण ऊन-पावसात दहा वर्षं राहिलेलं लाकूड राखाडी होतं आणि साध्या लाकडासारखंच दिसतं. ताजा छेद घेतला की कडेला फिकट हिरवा पट्टा आणि मध्ये नैसर्गिक रंगाचा गाभा दिसला तर संशय पक्का धरावा. मात्र हिरवा रंग तांब्याचा आहे, आर्सेनिकचा नव्हे. आर्सेनिक नसलेलं नवं तांब्याचं लाकूडही असंच दिसतं. तांबं दाखवणारे रंगसूचक थेंब दोन्हींवर सारखाच रंग देतात. खात्री करायची तर क्ष-किरण प्रतिदीप्तीचं हातात धरायचं यंत्र किंवा प्रयोगशाळा हाच मार्ग. बांधकाम २००४ च्या आधीचं असेल तर तपासणीविना सीसीए समजूनच वागावं.

असं लाकूड आधीच घरी असेल तर उपटून टाकायची घाई नको, कारण उपटताना, कापताना धूळ उडते. त्यावर आत मुरणारं, तेलाचं किंवा पाण्याचं, अर्धपारदर्शक स्टेन वर्षा-दोन वर्षांनी लावत राहिलं तर हाताला लागणारं आर्सेनिक बरंच कमी होतं. पापुद्रा धरणारा जाड रंग मात्र टाळावा. तो सोलला की खरवडावा लागतो, आणि खरवडलेल्या त्या पापुद्र्यालाच विष चिकटलेलं असतं. पॉलिश पेपर, रंधा, जोराच्या पाण्याचा फवारा यांतलं काहीच वापरू नये. ब्लीचने धुणं तर आणखी वाईट, कारण सोडियम हायपोक्लोराइटमुळे शांत बसलेलं त्रिसंयुजी क्रोमियम पुन्हा सहासंयुजी होऊ शकतं. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. कठड्याखालच्या मातीत कंदभाज्या लावू नयेत.

नवं घेण्यासाठी शिफारस: घर, बाग, खेळाची जागा, गोठा, भाजीचा वाफा यांपैकी कशासाठीही नाही.

क्रिओसोट आणि रेल्वेचे जुने स्लीपर

दगडी कोळशाच्या डांबरातून ऊर्ध्वपातनाने काढलेलं हे तपकिरी-काळं तेल. जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये दाबाने मुरवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं तेव्हापासून रेल्वे यावर चालली. एका स्लीपरचा आकार ०.१ घनमीटरच्या जवळपास आणि तेलाचं प्रमाण घनमीटरला १०० किलोच्या आसपास, म्हणजे स्लीपरमागे दहा-एक किलो तेल. ते लाकडाशी कुठल्याही रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं पोकळ्यांमध्ये भरलेलं असतं. म्हणूनच उन्हात लाकूड तापलं की ते काळ्या थेंबांनी बाहेर येतं, आणि म्हणूनच चाळीस वर्षं जुना स्लीपरही कपड्याला डाग लावतो.

त्यातला बहुतांश भाग बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बनांचा, म्हणजे कार्बनच्या जोडवलयांच्या संयुगांचा (‘सुगंधी’ हे रसायनशास्त्रातलं नाव, वासाशी संबंध नाही). जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था क्रिओसोटला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणते, तर त्यातल्या बेंझोपायरीनला निश्चित कर्करोगकारक. कातडीवर आणखी एक परिणाम होतो जो काम करणाऱ्यांना त्याच दिवशी कळतो: तेल लागलेल्या जागी ऊन पडलं की भाजल्यासारखी आग होते. ढगाळ हवेत किंवा संध्याकाळी काम करा असं जुने कारागीर सांगतात ते यामुळे.

युरोपीय संघात सामान्य ग्राहकाला याची विक्री २००३ च्या मध्यापासून बंद आहे. तरी जुने स्लीपर बागेच्या पायऱ्या, बसायचे बाक, वाफ्याच्या कडा यांसाठी हौसेने विकले जातात. दिसतात छान, पण घेऊ नयेत. रंग लावून झाकण्याचा उपाय टिकत नाही, तेल रंगातून वर येतं. घराच्या आत तर त्याचा वास कायमचा राहतो, आणि तो वास म्हणजे नॅप्थलीन आणि त्याच्या भाईबंदांची वाफच असते.

पेंटाक्लोरोफेनॉल: नव्याने मिळणार नाही, जुन्यात भेटेल

१९३० च्या दशकात आलेलं हे औषध छपराचे वासे, लाकडी भिंती, खिडक्यांच्या चौकटींवर तेलातून फासलं जायचं, साधारण ५ टक्के द्रावण करून. न विघटणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात त्याचा समावेश २०१५ मध्ये झाला, सवलत राहिली ती विजेच्या खांबांपुरती. दुसऱ्याच वर्षी, २०१६ मध्ये, कर्करोग संस्थेने त्याला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात ठेवलं. कारखान्यात तयार होतानाच त्यात डायॉक्सिनं आणि फ्युरानं मिसळतात. म्हणजे डब्यावर एकाच विषाचं नाव, पण आत अनेक.

शरीरात ते पेशींमधली ऊर्जा साठवण्याची क्रिया मोडतं. ऊर्जा साठण्याऐवजी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून विषबाधेत घाम आणि ताप ही लक्षणं पुढे असतात आणि कडक उन्हाळ्यात धोका वाढतो. कातडीतून ते सहज आत जातं.

जुन्या लाकडी घरात शिरताच येणारा कुबट, मातकट वास नेहमी ओलीचाच असतो असं नाही. काही बुरश्या क्लोरोफेनॉलांचं रूपांतर क्लोरोअॅनिसोलमध्ये करतात, आणि ते अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतं. ओल कुठे सापडत नाही, भिंती कोरड्या आहेत, तरी कपड्यांना तो वास लागतो, असं असेल तर वाशांच्या वरच्या एक-दोन मिलिमीटरचा नमुना तपासून घ्यावा. तोवर रंधा मारू नये. विष वरच्या थरातच दाटलेलं असतं आणि रंधा त्याचीच धूळ करतो. दरम्यान खिडक्या उघड्या ठेवणं आणि साचलेली धूळ ओल्या फडक्याने वरचेवर पुसणं याचा उपयोग होतो, कारण वाफेतून सुटलेलं पेंटाक्लोरोफेनॉल घरातल्या धुळीवर जाऊन बसतं. लिंडेन या जुन्या कीटकनाशकाचीही हीच गत. ज्या छपरांवर लिंडेन मारलं गेलं तिथली वटवाघळं मेल्याचं युरोपात दिसून आलं. लाकडातलं विष वाळवीपाशीच थांबत नाही याचं याहून ठळक उदाहरण नाही.

काळं ऑइल

गाडीतून काढलेलं जळकं इंजिन ऑइल कुंपणाच्या खुंटांना फासण्याची पद्धत सगळीकडे आहे, कारण ते फुकट मिळतं. यावर फार शब्द खर्चण्यात अर्थ नाही. त्यात बुरशीला मारणारं असं काही ठरावीक प्रमाणात नसतं, ते वरवर राहतं, ओल थोडी उशिरा आत जाऊ देतं एवढंच. उलट इंजिनात जळताना तयार झालेली हायड्रोकार्बनं आणि धातूंचे कण मातीत उतरतात. खुंट तर कुजतोच, वर विहिरीजवळची माती खराब होते. शून्य गुण.

तांब्याची नवी औषधं: चांगली, पण खिळा बघून

सीसीए गेल्यावर दाबाने मुरवलेल्या लाकडात आली ती दोन कुटुंबं. एक एसीक्यू, म्हणजे अमाइनमध्ये विरघळवलेलं तांबं आणि जोडीला क्वाटर्नरी अमोनियम हे जंतुनाशक. दुसरं कॉपर अॅझोल, म्हणजे तांबं आणि टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल यांसारखी शेतातल्या बुरशीनाशकांच्या घरातली द्रव्यं. विरघळवण्याऐवजी तांब्याची संयुगं अगदी बारीक दळून वापरण्याचा प्रकारही आता रुळला आहे. आर्सेनिक नाही, क्रोमियम नाही. माणसाच्या तब्येतीच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करावी.

पण आर्सेनिक काढलं त्याची भरपाई तांब्याने झाली. ६.४ किलो प्रति घनमीटर या एकाच पातळीवर सीसीएत तांबं सुमारे ०.९५ किलो भरतं, एसीक्यूत जवळपास ३.४ किलो. साडेतीन पट. माणसाला यातलं अगदी थोडं तांबं त्रास देत नाही, पण मासे, शेवाळ, पाण्यातले पिसवांएवढे जीव यांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबंही जाचतं. तेव्हा तळ्यावरची फळी, मासे पाळायच्या हौदाची कड, ओढ्यावरचा साकव यांसाठी हे लाकूड घेऊ नये. पहिल्या काही पावसांत सगळ्यात जास्त तांबं सुटतं, म्हणून बसवण्याआधी ते छपराखाली नीट सुकू द्यावं.

दुसरी अडचण खिळ्यांची, आणि ती जीवावर बेतणारी आहे. सीसीएतलं क्रोमेट लोखंडाला गंजापासून वाचवायचं. ते गेलं आणि तांबं वाढलं. ओलसर लाकडात तांब्याचे आयन लोखंडावर किंवा जस्तावर बसतात आणि त्या बदल्यात लोखंड विरघळतं. पाहायला गेलं तर खिळ्याचं डोकं झकास असतं. खिळा उपटला की कळतं: फळी आणि वासा जिथे एकमेकांना टेकतात त्या सांध्यात तो काडीइतका बारीक झालेला असतो. उंच सज्ज्याचा कठडा अशा खिळ्यांवर असेल तर पुढचं सांगायला नको. विजेने जस्त चढवलेल्या चकचकीत स्क्रूवर थर जेमतेम ५-१० मायक्रॉनचा असतो, वितळलेल्या जस्तात बुडवलेल्यावर ४०-५० च्या घरात. तेव्हा किमान बुडवलेलं जस्त, आणि समुद्रकिनारी किंवा सतत ओल असेल तिथे ३०४ किंवा ३१६ दर्जाचं स्टेनलेस. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या या लाकडाला थेट टेकवू नयेत. स्टेनलेसचे स्क्रू आणि जस्ताच्या पट्ट्या अशी सरमिसळही करू नये.

शिफारस: बाहेरच्या, जमिनीला टेकणाऱ्या बांधकामासाठी हेच घ्यावं. लेबलवर वापराची जागा छापलेली असते, ती वाचावी. ‘जमिनीच्या वर’ असं लिहिलेला वासा जमिनीत पुरला तर चार-पाच वर्षांत बुडखा मऊ पडू लागतो आणि दोष औषधाला दिला जातो.

इथेच कापलेल्या टोकांचा विषय येतो. दाब देऊनही औषध शिरतं ते बाहेरच्या पांढऱ्या लाकडात, गाभ्यात जवळपास नाही. लांबीला कापलं की उघडा गाभा वर येतो आणि वाळवीला दार मिळतं. कापलेल्या प्रत्येक टोकाला आणि पाडलेल्या भोकाला २ टक्के तांबं असलेलं कॉपर नॅप्थेनेट ब्रशने, पिईल तितकं, दोनदा पाजावं. हिरवं, उग्र वासाचं, तेलात असतं. घराबाहेर ठीक, घरात नको. आणि जे टोक कापलंय ते जमिनीत जाऊ देऊ नये, कारखान्याचं टोक खाली, कापलेलं वर.

टाकणखार आणि त्याचे भाऊ: घरातलं पहिलं नाव

घराच्या आत, छपराखाली, पाऊस लागत नाही अशा लाकडासाठी बोरॉनची औषधं सगळ्यात सरस. नाव मोठं आहे, डायसोडियम ऑक्टाबोरेट टेट्राहायड्रेट, पण हे टाकणखार आणि बोरिक अॅसिडच्या घराण्यातलंच मीठ. रंग नाही, वास नाही, वाफ नाही. खिळे गंजत नाहीत. लाकूड नंतर रंगवता येतं, पॉलिश करता येतं. वाळवीच्या आतड्यातल्या सहजीवी जीवांचं आणि पचनाचं गणित यामुळे बिघडतं. ती लगेच मरत नाही, म्हणून ‘औषध लागू पडत नाही’ असा तक्रारीचा सूर पहिल्या आठवड्यात येतो. थांबावं.

कृती सोपी आहे, पण एक अट पाळावीच लागते. बोरॉन आत सरकतं ते लाकडातल्या ओलीच्या आधारे. अगदी कोरड्या फळीवर फासलं तर पृष्ठभागावर पांढरी पूड होऊन बसतं. लाकूड नुकतं कापलेलं, ओलं असताना, किंवा आधी पाण्याने चांगलं भिजवून, मग लावलं तर उत्तम. १० टक्क्यांच्या द्रावणासाठी ९०० मिलिलिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम ऑक्टाबोरेट. ते नसेल तर लिटरभर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक अॅसिड एकत्र विरघळवावं. वेगवेगळे विरघळतात त्यापेक्षा दोन्ही मिळून जास्त विरघळतात. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण ५ चौरस मीटर होतात. पहिला हात मुरला की, पण सुकण्याआधी, दुसरा. मग प्लास्टिकने झाकून दोन-तीन आठवडे ठेवावं. झाकलं नाही तर पाणी उडून जातं आणि मीठ वाटेतच अडकतं. जाड वाशासाठी भोकं पाडून बोरॉनच्या कांड्या घालतात. चौकटीचा खालचा सांधा, जिथे ओल साचते, तिथे त्या फार उपयोगी.

दोष दोन. पाऊस लागला की औषध आलं तसं धुऊन जातं, म्हणून उघड्यावर आणि जमिनीत हे चालत नाही. आणि ‘टाकणखारच तर आहे’ म्हणून निष्काळजी होऊ नये. बोरिक अॅसिड मोठ्या मात्रेत प्रजननाला अपाय करतं असं प्राण्यांवर दिसल्यामुळे युरोपात त्यावर तसा शिक्का आहे. बाळाला काही ग्रॅमही घातक ठरू शकतात. पांढरी पूड साखरेच्या, मिठाच्या डब्यांजवळ ठेवू नये, स्वयंपाकाचं भांडं द्रावणाला वापरू नये, गरोदर बाईने हे काम टाळावं. झाडांनाही बोरॉनचा अतिरेक सोसत नाही. लिंबू-संत्र्याची झाडं तर पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी बोरॉननेही पानांच्या कडा जाळून घेतात. उरलेलं पाणी कुंडीत ओतलं आणि झाड गेलं, हे वारंवार होतं.

भुंग्यासाठीचे फवारे

फर्निचर, छपराचे वासे यांतल्या भुंग्यासाठी परमेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन ही कीटकनाशकं, जोडीला अॅझोल किंवा आयपीबीसी ही बुरशीनाशकं, अशी तयार द्रावणं मिळतात. शिरतात ती दोन-तीन मिलिमीटर. आत असलेली अळी त्याने मरेलच असं नाही, पण भुंगा बाहेर पडताना आणि नवी अंडी घालताना मरतो, म्हणून परिणाम एक-दोन हंगामांनी दिसतो. लाकडाखाली पिठासारखी ताजी भुकटी पडत नसेल तर कीड जुनी, संपलेली आहे. तिथे फवारणं म्हणजे विनाकारण विष. काळा कागद खाली पसरून महिनाभर पाहावं आणि मगच ठरवावं.

घरात मांजर असेल तर परमेथ्रिन वापरताना जपावं. तिच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही, थेंबांनी भिजलेल्या लाकडाला अंग घासून मग तिने अंग चाटलं तर झटके येऊ शकतात. माशांच्या टाकीचा पंप बंद करून टाकी झाकावी किंवा दुसऱ्या खोलीत हलवावी. शक्य तिथे पाण्यातलं द्रावण घ्यावं. पेट्रोलियम द्रावकातलं असेल तर बंद माळ्यावर डोकं गरगरतं आणि एका ठिणगीने पेट घेतं. वटवाघळं राहत असतील त्या छपरावर आधी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय काहीच मारू नये.

विषाशिवाय

१८०-२१५ अंशांवर तापवलेलं लाकूड बुरशीला टिकतं, पण ठिसूळ होतं आणि वाळवीपुढे फार भरवशाचं नाही. भिंतीवरच्या फळ्यांना, तक्तपोशीला चांगलं, भार पेलायला आणि जमिनीत नाही. अॅसिटिलेशन केलेलं, म्हणजे व्हिनेगरच्या घराण्यातल्या रसायनाने आतून बदललेलं, लाकूड जमिनीतही टिकतं, मोडीत निघाल्यावर त्याची कटकट नाही. महाग, आणि स्क्रू मात्र स्टेनलेसचेच. सागासारख्या लाकडाचा गाभा मुळातच टिकाऊ, पण त्याचंच पांढरं लाकूड नाही. ‘सागाचं आहे’ म्हणून घेतलेल्या चौकटीला पांढरी कड असेल तर तीच आधी पोखरली जाते.

या सगळ्याआधी खांबाचं बूड जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर वर, धातूच्या बुटावर ठेवता येतं का ते बघावं. पाणी साचू न देणारा उतार, टोकाला टोपी, फळ्यांमध्ये वाऱ्याला जागा. वीस टक्क्यांहून कमी ओल असलेल्या लाकडात कुजवणारी बुरशी वाढत नाही, मग तिथे औषधाचं कामच उरत नाही.

काम करताना आणि नंतर

कापणं उघड्यावर, खाली ताडपत्री. एफएफपी२ दर्जाचा मास्क, कापडी रुमाल नव्हे. हातात नायट्राइलचे मोजे, सुती मोजे औषध शोषून कातडीलाच धरून ठेवतात. कपडे वेगळे धुवावेत. औषध मुरवलेल्या लाकडाचा भुसा कोंबड्यांखाली, गोठ्यात, कंपोस्टमध्ये किंवा झाडांभोवती पसरायला देऊ नये. तो साध्या भुशासारखाच दिसतो, म्हणून पोत्यावर लिहून ठेवावं. तुकडे चुलीत, शेकोटीत, बंबात, भट्टीत जाऊ नयेत. जळण म्हणून कुणी मागितलं तरी देऊ नयेत. ते घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे जावेत.

रिकामे डबे पाण्याला, धान्याला वापरू नयेत, भोक पाडून द्यावेत. ब्रश गटारापाशी धुऊ नये. बोरॉनच्या कामात ब्रश आणि बादली धुतलेलं पाणी झाकणाच्या डब्यात, नाव आणि तारीख लिहून ठेवावं आणि पुढचं द्रावण त्याच पाण्यात बनवावं.